चिठ्ठीवरचं वय

मंजुळा मढवीची आणि माझी ओळख तिच्या आईमुळे झाली. म्हातारीला अर्धांगाचा झटका आलेला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी तेव्हा नुकतीच फिजिओथेरपी शिकून बाहेर पडलेले आणि आठवड्यातून दोनदा डोंबिवलीजवळ कोपरला त्यांच्या घरी जाऊन म्हातारीचे व्यायाम करून घ्यायचे.

मढवी कोपरचे जुने. आधी भातशेती आणि मिठागरं होती, आता त्याच जमिनीवर सात मजली बिल्डिंग. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत या दोघी मायलेकी राहायच्या. मंजुळामावशीचं लग्न विसाव्या वर्षी झालेलं, शेजारच्या दिवा गावात. दोन वर्षांत ती परत आली ती कायमची. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढची तीस वर्षं तिने वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लाइनवर बसून सोल्डरिंग केलं. कंपनी गुजरातला गेली तेव्हा ती घरी बसली, आणि त्याच वर्षी आई पडली. भाऊ रघु घोडबंदर रोडला राहायला गेलेला. तो गणपतीत यायचा.

पहिल्याच दिवशी माझी नजर म्हातारीच्या डाव्या हाताखालच्या लाल बटणावर गेली. मुरंब्याच्या बरणीचं झाकण, त्याखाली स्पंजचे तुकडे, आत दाराच्या बेलचं बटण, आणि वायर थेट स्वयंपाकघरात. नुसता तळवा टेकला की आत बेल वाजायची. मी विचारलं, "हे कुणी करून दिलं?"

"कोण देणार मॅडम? मीच केलंय," मावशी म्हणाली. "बेलचं बटण तिला दाबेना. बोटात जोर नाही. मग मोठं केलं."

चार वर्षांनी म्हातारी गेली. दिवसकार्य झालं, मी भेटून आले, आणि खरं सांगायचं तर विसरूनही गेले. तोपर्यंत मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका लहान केंद्रात काम करायला लागलेले. हातापायांवर ताबा नसलेली, दृष्टी नसलेली, ऐकू न येणारी मुलं आमच्याकडे यायची. देणगीत मिळालेली खेळणी कपाटभर होती आणि त्यातली निम्मी निरुपयोगी. टाळ्या वाजवणारं माकड होतं, पण त्याचं बटण मसुराएवढं, पाठीवर, लोकरीच्या आत. ज्या मुलाची मूठच उघडत नाही, त्याने ते कसं शोधायचं आणि कसं दाबायचं? प्रत्येक वेळी आम्हीच बटण दाबायचो आणि मूल बघत बसायचं. खेळ आमचाच व्हायचा.

एके दिवशी मला ते बरणीचं झाकण आठवलं. मी फोन केला.

"मावशी, आईंना केलेलंत ते बटण खेळण्याला जोडता येईल?"

 ती म्हणाली, "खेळणं घेऊन ये. बघते."

आठ दिवसांत माकड परत आलं. त्याच्या पाठीतून एक वायर बाहेर काढलेली, टोकाला इअरफोनसारखी पिन, आणि ती पिन एका मोठ्या पिवळ्या बटणात. बटणावर हात पडला, कोपर पडलं, गाल पडला, तरी माकड टाळ्या वाजवायचं. मूळचं बटणही तिने शाबूत ठेवलेलं. "घरात दुसरं पोर असेल तर त्यालाही खेळता आलं पाहिजे ना," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, केंद्रात या, मुलं बघा. ती एकदाच आली. पिशवीत भुंकणारा कुत्रा घेऊन. तीन वर्षांच्या एका मुलीसमोर तिने तो ठेवला, हौसेने तिचा हात बटणावर टेकवला, आणि कुत्रा जोरात भुंकला. मुलगी दचकली. तिचे हातपाय ताठ झाले, मान मागे गेली, आणि ती अशी रडायला लागली की अर्धा तास थांबेना. अशी मुलं अचानक आवाजाला दचकतात हे मी मावशीला सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. मुलीची आई मावशीवर ओरडली, "कळत नाही तर हात कशाला लावता?"

 कुत्रा पिशवीत घालून मावशी बाहेर बाकावर जाऊन बसली. मी समजावायला गेले तर म्हणाली, "मी घरीच बरी. पोरगा कसा, काय जमतं, काय नाय, ते तू चिठ्ठीवर लिहून देत जा. मी करून पाठवीन."

त्या दिवसापासून मी मॅडमची कल्पिता झाले, आणि काम चिठ्ठ्यांवर सुरू झालं. मी लिहायचे: नाव, गाव, वय, शरीराचा कुठला भाग मनासारखा हलतो, कशाची भीती वाटते. चिठ्ठ्या ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. आमच्या केंद्रातली दिपिका घरोघरी जाऊन मुलांना शिकवायची. ती दर दोन महिन्यांनी खेळणी वाटायची, जुनी परत आणायची, आणि जुनी दुरुस्तीला कोपरला जायची.

मावशी या कामात जे शिकली ते कुठल्या वर्गात बसून नाही. नवं खेळणं हातात आलं की आधी ती डोळे मिटून ते चाचपायची. मग आईचे लोकरी पायमोजे दोन्ही हातांत चढवून, बोटं निकामी करून खेळून बघायची. आवाज मोठा असेल तर आतल्या स्पीकरवर चिकटपट्टीचे थर लावायची. एक थर, ऐकायचं, दुसरा थर. दृष्टी नसलेल्या मुलांच्या खेळण्यांना बाजूने काथ्या, सॅटिन, सँडपेपर असं काहीबाही चिकटवायची, म्हणजे हाताला खेळण्याचं तोंड कुठे आणि पाठ कुठे ते कळावं. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी तिने एका ढोलकीत जुन्या मोबाइलची थरथरणारी मोटर बसवली.

आणि परत आलेल्या खेळण्यांवरून ती मुलं ओळखायची. एकदा मी तिच्याकडे गेलेले तेव्हा तिने एक बटण माझ्यापुढे धरलं. "हे बघ. दात. हिला दात येतायत." दुसऱ्या एका बटणाची डावी कड घासून पांढरी झालेली. "हा नयन. कळव्याचा. डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूने मारतो. मधोमध हात पोचतच नाय त्याचा." मग तिने नयनचं बटण डावीकडे उतरतं केलं. पुढच्या खेपेला मधली जागा घासलेली आली. ते दाखवायला तिने मला मुद्दाम फोन केला.

फोन ती दुपारी करायची, दीड-दोनला. विचारायचं असायचं एवढंसंच, लाल रंग चालेल का, वायर अजून हातभर लांब हवी का. उत्तर मिळालं तरी फोन ठेवायची नाही. "जेवलीस?" "हो." "काय होतं?" "डबा, मावशी. नेहमीचाच." मग गप्प. मी म्हणायचे, "मावशी, पुढची मुलगी आलीय, ठेवते हां." कधी कधी मुलगी आलेली नसायची.

नयन तिचा सगळ्यात आवडता. तिने त्याला पाहिलेलं नव्हतं, पण त्याची खेळणी सगळ्यात जास्त घासून यायची. "हा पोरगा कामाचा हाय," ती म्हणायची. त्याच्यासाठी तिने ड्रम वाजवणारा ससा केला, चालणारा हत्ती केला, साबणाचे फुगे सोडणारं मशीन केलं. डोंबिवलीच्या बाजारातला एक खेळणीवाला तिला ओळखायला लागलेला. त्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "नातू केवढा?" आणि ती सहज बोलून गेलेली, "आठ वर्षांचा." मग ते तसंच चालू राहिलं.

करोनात सगळं थांबलं आणि नंतर पुन्हा सुरू झालं. दिपिका नोकरी सोडून गेली. तिच्या जागी आलेली मुलगी पिशव्या दारात द्यायची आणि दारातूनच परत आणायची. एका खेपेला नयनचा हत्ती परत आला आणि मावशीचा दुपारी फोन आला.

"कल्पिता, हत्तीला ओरखडा पण नाय. नयनला बरं नाय काय?"

"आवडला नसेल, मावशी. नवीन द्या."

तिने चाकांवर फिरणारी कोळीण केली, डोक्यावर पाटी असलेली. स्वतः लुगडं शिवलं. तीही तशीच परत आली. बटण जसं पाठवलेलं तसं चकचकीत. मावशीचा फोन आला. या वेळी तिचा आवाज बारीक झालेला.

"खरं सांग. पोरगा हाय ना?"

"अहो आहे, मावशी! काहीतरीच काय."

मी हसले. तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल याचा विचार केला नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती खेळणीवाल्याकडे गेलेली. तो काहीतरी बांधून देता देता चेष्टेने म्हणाला, "मावशी, किती वर्षं झाली, तुमचा नातू अजून आठच वर्षांचा? मोठा कधी होणार?"

ती दुकानातून काही न घेता बाहेर पडली आणि रस्त्यातूनच तिने मला फोन केला. मागे रिक्षांचा आवाज येत होता.

"नयन कवरा हाय?"

'केवढा'चं 'कवरा' व्हावं इतकं तिचं घरातलं बोलणं तिच्या तोंडात अशा वेळीच यायचं. मी मान आणि खांदा यांच्यात फोन धरून रजिस्टर काढलं. जन्मतारीख बघितली. मावशीच्या डब्यातल्या चिठ्ठीवर आठ हे वय माझ्याच हाताने लिहिलेलं, आणि वर्षामागून वर्षं मी तीच चिठ्ठी पुढे चालवलेली.

"चौदा," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात पंधरावं लागेल."

 ती म्हणाली, "मी त्याला ससे पाठवत होती."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की तिला नयनला भेटायचंय. मी रविवारी तिला घेऊन कळव्याला गेले. खाडीच्या बाजूला कोळ्यांची जुनी वस्ती, त्यात पुढे ओटी असलेलं घर. नयनची आई सगुणा बाजारात मासळी विकायची. तिने आम्हाला आत घेतलं. मावशी धुवट, इस्त्रीची साडी नेसलेली, आणि हातात पिशवी होती. सवयीने तिने काहीतरी करून आणलेलं.

नयन खिडकीशी व्हीलचेअरमध्ये बसलेला. लांब पाय, रुंद खांदे, ओठावर मिसरूड फुटलेली. डावं मनगट मांडीवर आत वळलेलं. मावशी दारातच थांबली. तिची नजर त्या मनगटावर गेली आणि तिथेच राहिली. मग तिने हातातली पिशवी हळूच चपलांच्या मागे ठेवली. आत काय होतं ते मी नंतर पाहिलं. दोरीउड्या मारणारं अस्वल.

"हाच का," ती म्हणाली. तेवढंच.

सगुणा संकोचली. "ताई, खरं सांगू? तो आता त्या खेळण्यांना हात लावत नाय. मी समोर ठेवली की डोळे मिटून घेतो. पण तुमी इतक्या मेहनतीने पाठवता, नको कसं बोलायचं?"

नयनला बोलता येत नाही, पण त्याला सगळं कळतं. हो म्हणायचं तर तो वर बघतो, नाही म्हणायचं तर डोळे मिटतो. मावशी त्याच्या समोर जमिनीवर बसली, म्हणजे त्याला मान उचलावी लागणार नाही.

"नयन, मी मंजुळा. ती बटणं मी करते. माझी चूक झाली. मला वाटलं तू बारका आहेस."

त्याने वर बघितलं. "म्हणजे हो," सगुणाने सांगितलं, आणि मावशी हसली.

"तुला काय पायजे?"

मग बराच वेळ गेला. गाडी? डोळे मिटले. गाणी? मिटले. क्रिकेट? थोडा विचार करून मिटले. मोबाइल? वर बघितलं, पण अर्धवट. मावशी घाईला आली नाही. ती एक एक विचारत होती आणि मधे गप्प बसत होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की तिला गप्प बसणं किती चांगलं येतं. बाहेर मुलं शिमग्याची लाकडं गोळा करत ओरडत होती. नयन पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघायचा.

"बाहेर जायचंय?"

मिटले, उघडले, पुन्हा खिडकी. सगुणा एकदम म्हणाली, "शिमग्याला सगळी पोरं याला रंगवतात. पाणी मारतात. प्रेमानेच. हा नुसता भिजतो. उलटं मारता येत नाय ना."

नयनने वर बघितलं. इतकं वर, की डोळ्यांची बुबुळं दिसेनाशी झाली.

"पिचकारी!" मावशी म्हणाली. "एवढंच ना रे?"

ते एवढंच नव्हतं. बॅटरीवर चालणाऱ्या पाण्याच्या बंदुका बाजारात मिळतात, पण पाणी आणि वायर एकत्र आणायची म्हणजे जपून काम. दोनदा पाणी बॅटरीच्या खणात उतरलं. मग तिने बॅटरी वेगळ्या डब्यात घेतली, तो खुर्चीच्या पाठीमागे उंच बांधला, सगळे सांधे एम-सीलने बुजवले. बटण डाव्या मनगटाखाली, उतरतं. बंदूक खुर्चीच्या हाताला, पंख्याच्या मानेसारखी फिरणारी. एकदा दाबलं की डावीकडून उजवीकडे फवारा. बंदुकीचा रंग मात्र तिने या वेळी स्वतः ठरवला नाही. सगुणाच्या मोबाइलवर फोटो पाठवून नयनला विचारला. त्याने काळा निवडला.

धुळवडीला सकाळी आम्ही कळव्याला गेलो. मावशीने बंदूक बसवली, टाकी भरली, मनगटाखाली बटण सरकवलं, आणि फवारा येतो का ते बघायला वाकली. नयनने थांबून नेम धरला असं मी शपथेवर सांगेन. पाणी सरळ तिच्या तोंडावर आलं. चष्मा, केस, ब्लाउज, सगळं ओलं. तो हसला. त्याचं हसणं मी तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं. घोगरं, फुटलेल्या आवाजाचं, मोठ्या मुलाचं. त्याने पुन्हा मारलं.

गल्लीतली मुलं धावत आली. काय आहे ते कळायला त्यांना क्षणभर लागला, मग त्यांनी खुर्चीच उचलून रस्त्यावर नेली. "नयन, त्याला मार! चिरागला मार!" खुर्ची गर्दीत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. सगुणा टाकी भरायला बादली घेऊन मागोमाग धावली. आरडाओरडा लांब जात राहिला.

ओटीवर मी आणि मावशी उरलो. ती चष्मा पदराने पुसत होती, पण पदरही ओला होता. मी म्हटलं, "चला ना, बघूया गंमत." ती म्हणाली, "नको. त्यांची पोरं आहेत." मग खाली पडलेले स्क्रू आणि वायरचे तुकडे वेचून तिने रुमालात बांधले, आणि आम्ही निघालो. मला डोंबिवलीला घरी जेवायला जायचं होतं. कोपरला ती ओल्या साडीत एकटी उतरून गेली.

तीन दिवस तिचा फोन आला नाही. चौथ्या दिवशी मला जाणवलं की दुपारचे दोन वाजून गेलेत आणि फोन वाजला नाही. मी केला, तिने उचलला नाही. संध्याकाळी गेले. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. ताप होता, चांगला चढलेला. चार दिवस ती अंथरुणात. वरच्या सहा मजल्यांत सगळे तिच्याच भावकीतले, पण कुणाला पत्ता नव्हता. कुणाला हाक मारायची सवयच तिला राहिली नव्हती.

मी तांदळाची पेज केली. ती भिंतीला टेकून बसली आणि दोन्ही हातांत वाटी धरून हळूहळू प्यायली. चेहरा सुकलेला, पण बोलायला लागली तेव्हा डोळे लकाकले.

"पोरग्याने पार भिजवली मना," ती म्हणाली. "बघितलंस ना?"

"बघितलं."

"नेम कसला धरला!"

मी तिला गोळी दिली, पांघरूण घातलं. ती म्हणाली, "थांबशील जरा?" मी थांबले. घड्याळाकडे बघणार नाही असं ठरवून अर्धा तास थांबले. मग घरून फोन आला आणि मी निघाले. जाताना रघुदादांना फोन लावून कळवलं. ते दुसऱ्या दिवशी येऊन फळं देऊन गेले.

नयनचं पुढे चांगलं चाललं. उन्हाळ्यात एका इंजिनीअर मुलीने त्याच्या त्याच मनगटाखाली मोबाइल चालवायचं बटण बसवून दिलं. आता तो अक्षरं निवडून आईला शिव्यासुद्धा लिहितो, असं सगुणा कौतुकाने सांगते. खेळण्यांची त्याला गरज उरली नाही. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिने डब्यातून त्याची चिठ्ठी काढली, एकदा वाचली आणि माझ्या हातात दिली.

"बरं झालं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "दुसरं कोन हाय?"

तुळसा होती. कल्याणची, अडीच वर्षांची, जन्मापासून दृष्टी नसलेली. मी चिठ्ठीवर जन्मतारीख लिहिली. मावशीने ती घेतली आणि विचारलं, "घर कुठे? मी जाऊन येते. आधी बघते, मग करते."

ती गुरुवारी गेली. शुक्रवारी मी विचारलं, कशी आहे तुळसा? मावशीने बरंच सांगितलं. मुलगी आवाजाच्या मागे रांगत जाते, काथ्या आवडत नाही, गुळगुळीत आवडतं, घुंगराच्या आवाजाला मान वळवते. सांगता सांगता ती थांबली.

"माझा पदर धरून झोपली गं. मांडीवरच. दोन तास. पाय बधिर झाले, पण मी हलली नाय."

"मग?"

"मग तिची आय कामावरून आली. उचलली पोरीला." तिने डब्याचं झाकण लावलं. "मग मी आली घरी."